भिंतीनं पकडलेल्या अक्का

अक्कांनी पेशंटला आधी नाव विचारलंय असं मी कधी पाहिलं नाही. आधी हात. "आण इकडं हात," म्हणायच्या आणि टेबलावर आपला तळवा उताणा ठेवून बसायच्या. नाव, वय, कुठल्या कंपनीत, कधीपासून खाजतंय, ही सगळी भानगड माझ्याकडं. बाहेरच्या टेबलाला मी बसायचे. आम्ही मूळचे बीडकडचे, नवऱ्याच्या नोकरीमागं भोसरीला आलो, आणि एका ओळखीतून मी अक्कांच्या दवाखान्यात चिकटले ती त्यांनी दवाखाना बंद करेपर्यंत.

कातडीच्या डॉक्टर होत्या त्या. वर्कशॉपात दिवसभर ऑइलमध्ये हात घालणारे यायचे, चाकणच्या कंपन्यांतले युनिफॉर्मवाले शिफ्ट सुटल्यावर तसेच यायचे, रहाटणीच्या सोसायट्यांतल्या बाया गॉगल लावून यायच्या. खरूज, गजकर्णवाल्यांचं काही नाही, ते शर्ट वर करून सगळं दाखवायला तयारच असायचे. पण सोरायसिसवाल्याचा हात काही लवकर टेबलावर यायचा नाही. कोपरावर, गुडघ्यावर लाल चट्टे, त्यावर पांढरे पापुद्रे. असा माणूस उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचा. अक्का त्याच्या हाताची वाट बघत बसायच्या. बोलायच्या नाहीत, घड्याळाकडं बघायच्या नाहीत. आणि तो हात आला की चट्ट्यावरच आपला उघडा हात ठेवायच्या.

मी दार ढकलून सांगायचे, "अक्का, अहो जिन्यापर्यंत लाइन लागलीय."

"लाइनच लागलीय ना? आग न्हाई ना लागली?"

झालं. मी दार ओढून घ्यायचे आणि लाइनीतल्या लोकांचं बोलणं खायचे.

एकदा चाकणच्या एका कंपनीतला फिटर पेढे घेऊन आला. मुलगी झाली होती. गडी खूश, पण पुडा बायकोच्या हातात. बायको ओली बाळंतीण, बिचारी उभी राहून दमलेली, आणि हा लांब भिंतीला टेकून. अक्का म्हणाल्या, "तू का न्हाई देत रं?" तो खाली बघत म्हणाला, "लोक माझ्या हातचं घेत नाहीत मॅडम."

"आणि मी लोक हाय व्हय?"

मग त्याच्या हातून अक्कांनी एक पेढा घेतला, लगेच दुसरा घेतला, आणि ओरडल्या, "नंदे, ये इकडं, तुझाबी घे. त्याच्याच हातनं!" मी घेतला. फिटरच्या डोळ्यांत पाणी आलं, मलाही गलबलून आलं. पण अक्कांना साखर होती हे मला माहीत होतं, त्या फिटरला नव्हतं. त्यानंतर कुणीही गोड घेऊन आला की अक्का मोठ्या गंभीर चेहऱ्यानं "पेशंटच्या हातचं न्हाई म्हणू न्हाई" म्हणून पेढे हाणायच्या. मी डोळे वटारले की म्हणायच्या, "उपचाराचा भाग हाय तो."

नाव त्यांचं डॉक्टर शकुंतला फडतरे. जुन्या भोसरीतल्या शेतकरी घरातली लेक. त्यांच्या बापाच्या ज्वारीच्या रानात आता लेथ मशिनी फिरतात. कॉलेजात पुष्कळ वर्षं शिकवलं, इंग्रजी असं बोलायच्या की औषध कंपनीची पोरं चळाचळा कापायची. पण आनंद झाला किंवा राग आला की सगळं पुस्तकी बोलणं गळून पडायचं आणि आतली भोसरी बाहेर यायची. व्हय, न्हाई, आमी, हाय. पेशंटना तीच बाई जास्त आवडायची.

शिकवायला लागण्याआधी काही वर्षं त्या प्रयोगशाळेत होत्या. तिथं सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत रक्तवाहिनी बघायचं काम होतं. ते दिवस निघाले की अक्कांचा चेहरा असा उजळायचा की काय सांगू. "नंदे, माझ्या लग्नातसुद्धा मी एवढी खूश नव्हते," म्हणायच्या. लग्नातले त्यांचे नवरदेव, आमचे अप्पा, शेजारीच पेपर वाचत असायचे. ते पेपर खाली न करता म्हणायचे, "खरंय. मी होतो तिथं."

अक्का काय सांगायच्या, ते मला आता पाठ झालंय, कारण दर सोरायसिसवाल्याला त्या ते सांगायच्या आणि आमचं दार होतं प्लायवूडचं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, आपल्या राखणदार. त्या रक्ताबरोबर नुसत्या वाहत असतात. चांगल्या कातडीखालची रक्ताची नळी आतून गुळगुळीत असते, तिला पेशी थांबली काय नि गेली काय, देणंघेणं नाही. पण कातडीला सूज आली की कातडी हाका मारायला लागते. त्या हाका ऐकून नळीची भिंत आतल्या बाजूनं हात बाहेर काढते. वाहत येणारी पेशी त्या हातांना अडखळते. लगेच थांबत नाही हां. आधी नुसती बोटं लागतात, पेशी भिंतीवरून गडगडत, लोळत पुढं जाते. एक हात सुटतो, दुसरा लागतो. वेग कमी कमी होतो. मग तिला आतून इशारा मिळतो, आणि ती स्वतःच भिंतीला घट्ट धरते. चपटी होते, भिंतीतल्या फटीतून अंग चोरून पलीकडं जाते, कातडीत. जखम असेल, जंतू असतील, तर हे सगळं झालंच पाहिजे. सोरायसिसमध्ये जंतू नाही, चोर नाही, आणि तरी कातडी हाका मारत सुटते आणि भिंत धरत सुटते. आत राखणदारांची गर्दी, आणि त्यांच्या गडबडीनं वरची कातडी नको तितक्या घाईनं वाढते. तो चट्टा.

"म्हणून सांगते," शेवटी टेबलावर थाप मारून म्हणायच्या, "दिसतोय कातडीवर, पण खेळ सगळा आत चाललाय."

हे वेड दवाखान्यापुरतं नव्हतं. एकदा आम्ही दोघी नाशिकफाट्याहून शेअर रिक्षानं येत होतो. रस्त्याच्या कडेला जो हात दिसेल त्याला रिक्षावाला भुलत होता. हात दिसला की वेग कमी, माणूस नको म्हणाला की परत पुढं, परत हात, परत कमी. मी वैतागून काही बोलणार तोच अक्का पुढच्या सीटची दांडी धरून ओरडल्या, "अगदी अस्संच! अगदी अशीच जाती ती!" रिक्षावाल्यानं घाबरून ब्रेकच मारला. "कोण जाती, मावशी?" झालं, भोसरी येईपर्यंत रिक्षातल्या सगळ्यांनी पांढरी पेशी ऐकली. एका कॉलेजच्या पोरीचा स्टॉप मागं राहिला तरी ती उतरली नाही.

कुणी शंका काढली की अक्कांना अजून चेव यायचा. एका इंजिनिअरनं विचारलं, "मॅडम, मग ही पकडच सुटेल असं औषध का नाही देत?" अक्का खुर्चीत पुढं सरकल्या. "काढलं होतं की एका कंपनीनं तसलं एक. पकड सुटली बी. पण खऱ्या दुखण्यावर धावून जाणाऱ्या पेशीबी असंच धरत धरत पोचत्यात, त्यांचीबी सुटली. मागं घ्यावं लागलं. आता आमी भिंतीचे हात बांधत न्हाई, हाका मारणाऱ्याचा आवाज कमी करतो." त्यादिवशी लाइन जिन्यावरून खाली रस्त्यावर गेली. मी नुसता कपाळावर हात मारून घेतला.

आणि अशात एका संध्याकाळी दत्ताभाऊ सारिकाला घेऊन आले.

दत्ताभाऊ म्हणजे अक्कांचे पुतणे. कंपनीत फर्स्ट शिफ्ट करायचे आणि संध्याकाळी गावातल्या मुलींना कबड्डी शिकवायचे. सारिका त्यांची उजव्या कोपऱ्याची खेळाडू. अंगानं बारकी, पण समोरून चढाईला आलेलीचा पाय एकदा तिच्या हाताला लागला की सुटायचा नाही. तिला आधी कोपर-गुडघ्यांवर चट्टे होते, ते पट्ट्यांखाली झाकायचे. आता डाव्या हाताच्या पाठीवर उठला होता. तो कुठं झाकणार?

"आण इकडं हात," अक्का म्हणाल्या. मी कागद द्यायच्या निमित्तानं आतच उभी होते.

सारिकानं हात दिला. तिनं थेट विचारलं, "जत्रेपर्यंत जाईल का?" जत्रेत दरवर्षी कबड्डीचे सामने असतात आणि जत्रा तोंडावर आली होती.

"जत्रेपर्यंत न्हाई जायचा. औषधानं कमी होईल. पुढं जाईलबी. आणि कधीतरी परत येईलबी, खोटं कशाला सांगू?"

"मग खेळू का नको?"

"खेळ की. फक्त खरचटून घेऊ नको. खरचटलं की काही जणांना तिथंच नवा उठतो. पट्टे घाल, मॅटवर खेळ."

सारिका म्हणाली, "मी खेळायला तयार आहे अक्का. माझा हात धरायला कोणी तयार नाही."

दत्ताभाऊंनी मान खाली घालून सांगितलं. कबड्डीत बचाव करणाऱ्या मुली एकमेकींची मनगटं धरून साखळी करतात. सारिकाच्या शेजारी उभी राहायची वैष्णवी. वैष्णवीच्या आईनं तिला बजावलं होतं, त्या पोरीच्या हाताला हात लावायचा नाही, लागतं ते. आता वैष्णवी सारिकाची बाही चिमटीत धरायची. बाही धरून कुठं साखळी होते? समोरची आली की साखळी तिथंच तुटायची. "पोरी चांगल्या हायत अक्का, वाईट न्हाईत. पण घाबरल्यात. म्हटलं, यंदा हिला बाहेर बसवावं."

अक्का पुतण्याकडं असं काही बघत राहिल्या की त्यांनी मान आणखीच खाली घातली. मग सारिकाचा हात न सोडता म्हणाल्या, "उद्या मी येती मैदानावर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का कमरेला पदर खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून मैदानावर हजर. मागं मी, खुर्ची आणि पाण्याची बाटली घेऊन. साठी ओलांडलेली बाई! मी म्हटलं, "तुम्ही खुर्चीवर बसून सांगा." ऐकतंय कोण?

सात मुलींना एका ओळीत उभं केलं. सारिकाला वैष्णवीच्या शेजारी. वैष्णवीनं हात मागं घेतले होते, ते अक्कांनी पाहिलं आणि सोडून दिलं.

"तुमी नळीची भिंत. मी पांढरी पेशी. आता सूज न्हाई, सगळ्यांनी हात मागं बांधा." अक्का ओळीसमोरून आरामात हात हलवत गेल्या. "बघा, कुणी अडवलं? न्हाई. आता सूज आली. हात काढा बाहेर. पण भिंत एकदम धरत न्हाई हां. आधी नुसती बोटं लावायची. मी टाळी वाजवली की मग मनगट धरायचं, मी थांबेन, आणि दोघींच्या मधनं पलीकडं जाईन. कळलं?"

मुली म्हणाल्या, कळलं. आणि त्यांना कळलंही होतं. चूक झाली ती अक्कांची.

अक्का तरुणपणी चढाईच्या खेळाडू होत्या. भोसरीच्या पोरीला दुसरं काय येणार? ओळीसमोर आल्या, गुडघ्यात वाकल्या, आणि कुणी सांगितलेलं नसताना तोंडातून सुरू झालं, "कबड्डी कबड्डी कबड्डी..." पहिल्या दोघी-तिघींनी नेमकी बोटं लावली. पेशी गडगडत पुढं आली. पण उजव्या कोपऱ्याला पोचल्यावर अक्कांच्या अंगातलं जुनं वारं उसळलं. त्यांनी सारिकासमोर पाय पुढं टाकला आणि हुलकावणी दिली.

कबड्डीच्या पोरीसमोर कबड्डी म्हणत पाय टाकायचा, आणि ती बोटं लावेल म्हणायचं!

सारिका घोट्यावर झेपावली. वैष्णवीनं तिचं मनगट गच्च धरलं आणि आतल्या बाजूनं फिरली, तिच्यामागं अख्खी साखळी बंद झाली, आणि पांढरी पेशी धाडकन मॅटवर. वर सात पोरी. मी बाटली टाकून धावले. "अगं उठा! मारताय का बाईला! माझ्या डॉक्टर आहेत त्या!" दत्ताभाऊंचा चेहरा पांढराफटक.

आणि त्या ढिगाखालून हसू यायला लागलं. आधी बारीक, मग खदाखदा. "सोडू नका!" आतून अक्का ओरडल्या. "कुणी हलू नका! हायत तशा ऱ्हावा! आता बघा, कुणाचा हात कुणाच्या हातात हाय!"

सगळ्यांनी पाहिलं. वैष्णवीची पाची बोटं सारिकाच्या मनगटावर होती, अंगठा बरोबर चट्ट्यावर. वैष्णवीनंही पाहिलं. हात सोडावा की नाही, हे तिला सुचेना. सारिका श्वास रोखून तिच्याकडं बघत होती.

अक्का पाठीवर पडल्या पडल्याच शिकवायला लागल्या. "पेशी कुणाची? हिची. नळी कुणाची? हिची. धरतीय कुठं? हिच्याच कातडीच्या आत. तुझ्या हातात काय येणार गं त्यातलं? तिथं किडा न्हाई, जंतू न्हाई. तिची भिंत तुझ्या भिंतीसारखीच हाय, फक्त नको तवा धरती. आणि तू हवं तवा धरत न्हाईस."

वैष्णवी रडवेली झाली. "पण आई म्हणते..."

"आईला घेऊन ये उद्या. तिलाबी भिंतीत उभी करू."

आता गंमत सांगते, आई आली. रागारागानं आली होती, भांडायला. अक्कांनी तिला खरंच ओळीत उभं केलं, सारिकाच्या दुसऱ्या बाजूला, आणि पेशीचं काम दत्ताभाऊंना दिलं. अक्कांच्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. वैष्णवीची आई माहेरची देहूकडची, अंगानं दांडगी. तिनं दत्ताभाऊंना असं काही अडवलं की सगळ्या पोरींनी शिट्ट्या मारल्या. जाताना ती सारिकाला म्हणाली, "चहाला ये गं घरी." बाकी काही म्हणाली नाही.

बँडेजवरून पेशंट विचारायचे, "अक्का, काय झालं?" अक्का ऐटीत सांगायच्या, "भिंतीनं पकडलं." आणि मग परत सगळी गोष्ट पहिल्यापासून.

त्याच दिवसांत अप्पांच्या गुडघ्यांनी उचल खाल्ली आणि दोघांनी कोल्हापूरला लेकीकडं जायचं ठरवलं. जत्रा झाली की दवाखाना बंद. मी वरवर चिडचिड करत होते, आत काय होत होतं ते माझं मला माहीत. सारिका आता चाकणला एका कंपनीत आहे, सुट्टीच्या दिवशी दत्ताभाऊंच्या जोडीनं लहान मुलींना शिकवते. चट्टे जातात, कधी येतात. अक्कांना तिचे फोन असतात, मला अक्कांचे. निरोप द्यायला मी स्टँडवर गेले होते, पण तो दिवस मला धड आठवत नाही. अक्का म्हटलं की मला जत्रेतला तो सामनाच दिसतो.

समोरचा संघ चाकणकडच्या एका गावचा. सारिकानं लांब बाह्या घालायला साफ नकार दिला होता. पट्टे फक्त कोपर-गुडघ्यांना, हाताची पाठ उघडी. सामना अटीतटीचा चालला. पण समोरची उंच चढाईपटू आत आली की नुसती आमच्या डाव्या बाजूला खेळायची. उजवा कोपरा आला की हात आखडून मागं. एकदा झालं, दोनदा झालं, मग सगळ्यांच्या लक्षात आलं. तिला सारिकाच्या हाताला हात लावायचा नव्हता.

आमच्या बाजूची माणसं खूश. "बरंय राव, आपला कोपरा सेफ!" कुणीतरी म्हणालं. मी सारिकाकडं पाहिलं. ती कंबरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिचा चेहरा दवाखान्यात पहिल्यांदा आली होती तेव्हासारखा झाला होता.

तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची करकरली. अक्का तिच्यावर उभ्या.

"ए पोरी! उंच पोरी! उजव्या कोपऱ्याकडं जा की! हात लाव तिला, लागत न्हाई ते!"

अख्खं मैदान वळलं. पंचांनी शिट्टी मारून अक्कांना गप्प बसायची खूण केली. दत्ताभाऊ कळवळून ओरडले, "अक्का, तुमी कुणाच्या बाजूनं?"

"सारिकाच्या!" अक्का म्हणाल्या. "लाव गं पोरी, मी डॉक्टर हाय!"

ती उंच मुलगी गोंधळली, परत गेली. पण पुढच्या चढाईला ती उजव्या कोपऱ्याकडं आली. सारिकाकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं, आणि वाकून हात पुढं केला. वैष्णवीनं सारिकाचं मनगट धरलेलंच होतं. दोघी झेपावल्या. उंच मुलगी निसटून मध्यरेषेपलीकडं गेली. हात लागला की नाही, कुणालाच दिसलं नाही. पंच एकमेकांकडं बघायला लागले. आमची माणसं ओरडली, "न्हाई लागला! न्हाई लागला!"

आणि सारिकानं हात वर केला. चट्ट्याचा हात, सरळ वर. "लागला सर! मला हात लागला तिचा!"

सारिका बाद झाली आणि हसत हसत रेषेबाहेर आली. खेळाडू बाद होऊन इतका खूश झालेला मी तरी दुसरा पाहिला नाही. त्या एका गुणानं आम्ही सामना हरलो. सगळी भोसरी आमच्याकडं रागानं बघत होती, दत्ताभाऊ डोकं धरून बसले होते, मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून ठेवली होती, आणि खुर्चीवर अक्का, बँडेजच्या हातानं, एकट्याच टाळ्या वाजवत होत्या.